पोळी बंद केलीत, पण गिरणीचं काय?

पत्र : नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मुलगी आठ वर्षांची आहे. दोन वर्षांत तिची उंची जेमतेम वाढली. पोट फुगलेलं असतं, मधूनमधून पातळ जुलाब होतात. हिमोग्लोबिन ८.२ आहे. चार महिने लोहाचं सिरप दिलं, पण आकडा हलला नाही. बालरोगतज्ज्ञांनी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करायला लावली. ती १४८ आली, रिपोर्टवर मर्यादा २० छापली आहे. सीलिएक, म्हणजे गव्हानं आतडं झिजवणारा आजार, असावा असं म्हणाले आणि दुर्बिणीच्या तपासणीची तारीख दिली. तेवढ्यात नणंदेच्या सांगण्यावरून आम्ही बारा दिवसांपूर्वी पोळी बंद केली. जुलाब थांबलेत. मग आता दुर्बीण कशाला घालायची? सासूबाई म्हणतात, खपली गहू चालतो, तो जुना आहे. ज्वारी आम्ही कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळून आणतो, ते ठीक ना? आणि हे किती वर्षं पाळायचं? पुढच्या महिन्यात दिराचं लग्न आहे, तिथे काय करू? — एक आई, सोलापूर

ताई, आधी तारखेचं बोलू, बाकी सगळं त्यानंतर.

आजच डॉक्टरांना फोन करा आणि पोळी कोणत्या तारखेपासून बंद आहे ते सांगा. त्यांनी नको म्हटलं नाही, तर तपासणी होईपर्यंत पोळी पुन्हा ताटात येऊ द्या. वाचायला हे उलटं वाटेल. पण सीलिएकची रक्ततपासणी आणि बायॉप्सी (दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी) गहू पोटात जात असतानाच खरी ठरते. गहू थांबला की आतडं भरून यायला लागतं आणि रक्तातला आकडा हळूहळू उतरतो. मग बायॉप्सीत अर्धवट चित्र दिसतं आणि डॉक्टर 'आहे' असंही ठाम म्हणू शकत नाहीत, 'नाही' असंही नाही. बारा दिवसांत सगळं पुसलं जात नाही, त्यामुळे घाबरू नका. अशा वेळी साधारण २ ते ८ आठवडे रोज गहू खायला देऊन मग तपासणी करतात. नेमके किती दिवस, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. दिवसाला दोन मध्यम पोळ्यांमध्ये सुमारे ५ ग्रॅम ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, जातं, तेवढं पुरतं. त्या काळात जुलाब फार वाढले, वजन उतरलं, मूल मलूल झालं, तर वाट न बघता दाखवा.

दुर्बीण कशाला, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. मुलांमध्ये काही वेळा ती टाळता येते. टीटीजी मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए ही तपासणीही पॉझिटिव्ह आली, तर बायॉप्सीशिवाय निदान मानतात. तुमच्या मुलीचा आकडा सातपट आहे, म्हणजे त्या सवलतीच्या अलीकडे. शिवाय जिआर्डिया या परजीवीचा संसर्ग, आतड्याचा क्षयरोग, ट्रॉपिकल स्प्रू यांतही जुलाब, खुंटलेली वाढ आणि रक्त कमी असं सगळं दिसू शकतं आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत. पोळी सोडून जुलाब थांबले, हाही पुरावा नव्हे. गव्हात फ्रुक्टान नावाची आंबणारी साखर असते, ती कमी झाली तरी बऱ्याच जणांचं पोट हलकं होतं. हे पथ्य जन्मभराचं आहे. आठव्या वर्षी अंदाजावर सुरू केलं, तर अठराव्या वर्षी मुलगी विचारेल, 'मला खरंच होता का हा आजार?' आणि तेव्हा उत्तर शोधायला पुन्हा महिनाभर गहू खावा लागेल.

तपासणीआधी डॉक्टरांना एवढं विचारून ठेवा: लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून, म्हणजे ड्युओडेनममधून, तुकडे किती घेणार? पुढच्या वळणातून किमान चार आणि अगदी तोंडाशी असलेल्या फुगीर भागातून एक-दोन घ्यावेत, असा संकेत आहे. आजार पट्ट्यापट्ट्यांनी असतो आणि दुर्बिणीतून आतडं वरवर ठीकच दिसू शकतं. 'आत सगळं नॉर्मल दिसलं म्हणून तुकडा घेतला नाही' असं होऊ नये. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर 'मार्श' असा शब्द आणि पुढे आकडा असेल. ३ अ, ब, क म्हणजे आतड्याची लव थोडी, बरीच किंवा पूर्ण झिजलेली.

ही लव म्हणजे काय, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. टर्किश टॉवेलवर उभे फासे असतात, म्हणून तो पाणी टिपतो. फासे झिजले की टॉवेल तेवढाच लांबरुंद राहतो, पण अंग कोरडं होत नाही. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला असेच बारीक उंचवटे असतात आणि अन्नातलं सत्त्व तेच ओढून घेतात. गहू, सातू म्हणजे जव, आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन पूर्ण पचत नाही, त्याचे काही तुकडे तसेच उरतात. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं आपल्याच शरीरातलं एक विकर त्या तुकड्यांत थोडा फेरफार करतं. ज्यांच्यात डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकं आहेत, त्यांच्यातल्या काहींच्या प्रतिकारशक्तीला ते तुकडे शत्रू वाटतात. मग ती त्या विकराविरुद्धही प्रतिपिंडं बनवते आणि मारा होतो आतड्याच्या लवेवर. तुम्ही केलेली टीटीजी तपासणी त्याच प्रतिपिंडांची. लोह शोषलं जातं ते आतड्याच्या नेमक्या त्याच पहिल्या भागात. निदान हेच निघालं, तर तुमचं सिरप वाईट नव्हतं, ते ओढून घ्यायला जागाच उरली नव्हती. पथ्यानं लव परत आली की तेच औषध लागू पडायला लागतं. फक्त ते चहा किंवा दुधासोबत देऊ नका.

'ज्वारीच्या सोलापुरात हा आजार आला कुठून?' असं सासूबाई विचारतीलच. जनुकं इथंही होतीच, पण पूर्वी रोजच्या ताटात भाकरी असायची आणि गहू सणावारी. गहू फारसा पोटातच जात नसेल, तर हा आजार डोकं वर काढत नाही. उलट बाजूनं हेच हॉलंडमध्ये दिसलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे पावाचं दुर्भिक्ष होतं, तेव्हा या आजाराची मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासूनच होता, तो यातून बळावला. भारतातही पोळी खाणाऱ्या उत्तरेत हा आजार जास्त आणि भात खाणाऱ्या दक्षिणेत फार कमी सापडतो.

आता पथ्याचं, म्हणजे निदान पक्कं झाल्यानंतरचं. आधी खपली. सासूबाईंचा मान राखून सांगतो : खपली गहूच आहे. जुना असेल, पचायला हलका वाटत असेल, मधुमेहींना कोणी सुचवतही असेल, पण ग्लुटेन त्यातही आहे आणि आतड्याला तो तितकाच बाधतो. बन्सी, शरबती, लोकवन, सेंद्रिय, दगडी जात्यावर दळलेला, सगळ्यांना हेच लागू. रवा, मैदा, दलिया, शेवया आणि कुरडया ही गव्हाचीच पोरं. म्हणून खपलीची हुग्गी, म्हणजे खीर, नाही, शेंगापोळी नाही, प्रसादाचा शिराही नाही. चिमूटभर प्रसादानं काय होतं, याचं उत्तर खालच्या हिशेबात आहे.

एका पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते. त्यात सुमारे अडीच ग्रॅम, म्हणजे २५०० मिलिग्रॅम ग्लुटेन. बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत सोसतं. ५० मिलिग्रॅम रोज गेलं तर काही महिन्यांत आतड्याची लव झिजलेली दिसते. म्हणजे एका पोळीचे अडीचशे तुकडे केले, तर त्यातला एक चालेल.

तुमच्या पत्रातला 'कोपऱ्यावरची गिरणी' हा शब्द म्हणूनच काळजीचा आहे. ज्वारीत ग्लुटेन नाही. मालदांडी असो, दगडी असो, बिनधास्त द्या. बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, भगर, राजगिरा, साबुदाणा, सगळ्या डाळी, शेंगदाणे, तीळ हेही निर्धास्त. सोलापुरात हे पथ्य दिल्लीपेक्षा सोपं आहे, कारण इथे भाकरी ही तडजोड नाही, रोजचं जेवण आहे. पण त्यामुळेच माणूस गाफील राहतो. गिरणीत तुमच्या आधी कुणाचा तरी पाच किलो गहू दळला गेलेला असतो. तो पाळ्यांच्या खाचांत, वरच्या पेटीत, पीठ पडतं त्या कापडी नळीत बसलेला असतो. तुमच्या एक किलो ज्वारीच्या पिठात त्यातली एक चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम कणीक आली, तरी किलोला ४०० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन झालं. 'ग्लुटेन-फ्री' म्हणायची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे. मुलीनं दिवसात तीन भाकऱ्या, म्हणजे १५० ग्रॅम पीठ खाल्लं, की ६० मिलिग्रॅम पोटात. घरात पोळी बंद, सगळे पथ्य पाळतायत आणि सहा महिन्यांनी टीटीजी तसाच! हे असंच होतं.

खात्रीचा उपाय एकच : घरघंटी, आणि तिच्यात गव्हाचा एक दाणाही कधी जाऊ द्यायचा नाही. कुणाची वापरलेली स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका, तिच्यात गहूच दळलेला असणार. ज्वारी, बाजरी, तांदूळ, बेसनासाठी हरभऱ्याची डाळ सगळं तिच्यातच. ती येईपर्यंत जिथे ज्वारी-बाजरीची चक्की वेगळी आहे अशी गिरणी शोधा आणि आधी किलोभर स्वतःची ज्वारी दळून ते पीठ घरच्या इतरांसाठी बाजूला काढा. यानं भेसळ कमी होते, जात नाही, कारण हवेत उडणारं पीठ आणि झाडायचा ब्रश तर तोच असतो. मिक्सरवर दळलेलं पीठ जाडं राहतं, भाकरी थापताना कडेनं चिरते, पण धिरडी आणि घावन त्याचे छान होतात.

दळणाआधी निवडणं आलं. वर्षाची ज्वारी भरताना पोतं गव्हाच्या शेजारचं असतं, मळणी यंत्रही बऱ्याचदा एकच असतं. ताटात ज्वारीचा पातळ थर पसरा. ज्वारी गोल आणि मोत्यासारखी, गहू लांबट आणि मधोमध चीर असलेला, त्यामुळे डोळ्याला लगेच सापडतो. गव्हाचा एक दाणा सुमारे ४० मिलिग्रॅमचा, त्यात ४ मिलिग्रॅम ग्लुटेन. किलोत पाच दाणे राहिले की मर्यादा गाठली. निवडून धुवा, कडक उन्हात वाळवा, मग दळा.

स्वयंपाकघरात सगळं नवं घ्यायची गरज नाही. स्टीलची भांडी नीट घासली की चालतात. लाकूड आणि जाळी मात्र पीठ धरून ठेवतात. म्हणून तिची काटवट वेगळी, पिठाची चाळणी वेगळी, तवा वेगळा. भाकरी आधी करायची, पोळ्या नंतर. उलट केलं तर तव्यावर जळालेली कणीक भाकरीच्या पाठीला चिकटते. भाकरी गुंडाळायचं फडकं आणि डबा तिचा वेगळा. तुपाच्या बरणीत पोळीला लागलेला चमचा गेला की ती बरणी तिच्यासाठी संपली, छोटी वेगळी भरून ठेवा. पुऱ्या तळलेलं तेल तिच्या भज्यांना नको. साबण, उटणं यांची धास्ती घेऊ नका. ग्लुटेन कातडीतून आत जात नाही.

मसाल्याच्या डब्यात मात्र खरी फसगत आहे. बाजारी हिंग बहुतेक वेळा मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो. पाकिटावर घटक वाचा, तांदळाचं पीठ किंवा नुसता डिंक असलेला मिळतो. येसरात भाजलेले गहू असतात, तेव्हा येसराची आमटी तिच्यासाठी बंद. नाहीतर गव्हाऐवजी ज्वारी जास्त घालून घरी येसर करा, चवीत फारसा फरक पडत नाही. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, सातूचं पीठ यांत गहू असतोच असं धरा. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी जवापासून येतात, त्या नकोत. ओट्स निदान पहिलं वर्ष तरी टाळा, आपल्याकडच्या ओट्समध्ये गहू मिसळलेला असतो. 'मल्टिग्रेन' म्हणजे बहुतेक गहूच, वर थोडी सजावट. आणि पाकिटावर 'लो ग्लुटेन' लिहिलेलं असेल तर ते परत ठेवा. त्यात किलोला १०० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन चालतं. विकतची कडक भाकरी घेताना बाईंना एवढंच विचारा, की त्याच जागी चपात्या किंवा शेंगापोळ्या होतात का. होत असतील तर घरीच करा. थंडीत हुरडा खुशाल खाऊ द्या, पण त्याच आगटीवर गव्हाच्या ओंब्या भाजल्या जात असतील तर तिचा हुरडा आधी काढून घ्या.

शाळेच्या डब्यात कडक भाकरीचे तुकडे, दही, शेंगाचटणी, इडली, पोहे, शेंगदाण्याचा लाडू असं काहीही जमतं. रवा इडली नाही. वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या. बिघडतं ते डबा वाटून खाण्यात आणि वाढदिवसाच्या बिस्किटांत. त्यासाठी शाळेत तिच्या नावानं राजगिऱ्याच्या वड्यांचा छोटा डबा ठेवून द्या. चुकून काही खाल्लं गेलंच, तर त्यावर उतारा नाही. पाणी, ओआरएस, आराम द्या, आणि काय खाल्लं ते वहीत लिहून ठेवा. सुरुवातीचे काही आठवडे दुधानं पोट फुगलं तर दूध कमी करून दही-ताक द्या. झिजलेल्या लवेसोबत दुधातली साखर पचवणारं विकरही कमी झालेलं असतं, ते परत येतं.

किती वर्षं? कायम. जुलाब थांबणं, उंची वाढणं, टीटीजी मर्यादेत येणं म्हणजे पथ्य चाललंय, आजार गेला असं नव्हे. वयात येताना मुलं चोरून वडापाव खातात, काही होत नाही, आणि त्यांना वाटतं आपण बरे झालो. आत झीज सुरू असते. पुढे ती हाडं ठिसूळ करते, पाळीत आणि गर्भधारणेत अडचणी आणते, क्वचित आतड्याच्या कर्करोगापर्यंत जाते. निदान पक्कं झालं की हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, बी१२, फोलेट, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्या. टीटीजी पहिल्या सहा महिन्यांत एकदा, मग मर्यादेत येईपर्यंत दर सहा महिन्यांनी, त्यानंतर वर्षाला. आकडा उतरायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. उतरता असेल तर ठीक. अडकला असेल तर डॉक्टर बदलण्याआधी गिरणी आणि हिंग तपासा. उंची दर तीन महिन्यांनी त्याच भिंतीवर, अनवाणी मोजा.

घरातल्या बाकीच्यांचं एक राहिलं. तिच्यासोबत सगळ्यांनीच गहू सोडायचा, असं प्रेमानं ठरवू नका, निदान आत्ताच नको. आधी तुमची, तिच्या बाबांची आणि भावंडांची टीटीजी-आयजीए आणि सोबत एकूण आयजीए करून घ्या. जवळच्या रक्ताच्या नात्यात हा आजार शंभरात सात-आठ जणांना निघतो, कित्येकदा काहीच त्रास नसताना. एकूण आयजीए यासाठी, की काहींच्या रक्तात मुळात आयजीए हे प्रतिपिंडच कमी असतं आणि मग टीटीजी-आयजीए खोटीच नॉर्मल येते. जनुकांची महागडी तपासणी करायला कोणी सांगितलं तर एवढं लक्षात ठेवा : ती निगेटिव्ह आली तर आजार जवळपास नाहीच, पण पॉझिटिव्ह आली तर काहीच सिद्ध होत नाही. शंभरातल्या तीस-चाळीस निरोगी माणसांत ती जनुकं असतात.

नणंदबाईंनाही सांगा, गव्हानं होणारा प्रत्येक त्रास सीलिएक नसतो. गव्हाची अ‍ॅलर्जी काही मिनिटांत ते दोन-तीन तासांत दिसते, अंगावर गांध्या, ओठ सुजणं, धाप, आणि तिची तपासणी वेगळी. काहींच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल असतात, तरी गव्हानं पोट जड होतं. त्यांना झेपेल तेवढा गहू खाता येतो, मिलिग्रॅमचा हिशेब नको. वजन उतरवायला ग्लुटेन सोडण्यात काही अर्थ नाही.

दिराचं लग्न तपासणीच्या आधी असेल, तर प्रश्नच मिटला. पोरीला पोटभर हुग्गी खाऊ द्या. नंतर असेल, तर तिचा डबा घरून न्या. फार तर नुसता पांढरा भात घ्या आणि तोही पंगत बसायच्या आधी, आचाऱ्याकडून थेट पातेल्यातून. वाढपी एकदा फिरायला लागले की हुग्गीतला पळा भातात आणि भातातला वरणात जातो. त्यानंतर त्या पंगतीतलं काहीच तिच्या ताटात घेऊ नका.